हातावरील चरबीची गाठ : भीती नको, दिरंगाईही नको



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. तरीही हा विषय मांडतो, कारण आपल्या घरांत गाठ दिसली की दोनच गोष्टी घडतात. कर्करोगाच्या भीतीने ती लपविली जाते, नाही तर दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षे तिच्याकडे दुर्लक्ष होते.

लायपोमा म्हणजे चरबीच्या पेशींची, पातळ आवरणातली साधी गाठ. ती कर्करोग नव्हे. ती मऊ असते, सावकाश वाढते, सहसा दुखत नाही. पाठ, खांदा, दंड येथे ती पुष्कळांना होते. हाताच्या पंजात क्वचित. पण तेथे जागा अपुरी. तळव्याच्या चिवट पडद्याखाली वाढलेली गाठ मज्जातंतूवर दाब आणते. मग अंगठा व लगतची दोन बोटे बधिर होतात, मुंग्या येतात, शिवणाची सुई हातातून निसटते.

प्रत्येक गाठ चरबीचीच असते असे नाही. मनगटावर बहुधा पाण्याची गाठ, म्हणजे गँग्लियन, आढळते. म्हणून डॉक्टर हाताने तपासून सोनोग्राफी करवितात. खोल गाठीसाठी एमआरआय अधिक खात्रीचा. गाठ झपाट्याने वाढत असेल, दुखत असेल किंवा 5 सेंटिमीटरहून मोठी असेल, तर मुळीच थांबू नये.

लहान, त्रास न देणारी गाठ डॉक्टरांच्या सल्ल्याने नजरेखाली ठेवली तरी चालते. काढायची झाल्यास बहुधा फक्त हात बधिर करतात, दंडावर पट्टा आवळून रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवितात आणि मज्जातंतू व रक्तवाहिन्या जपत गाठ आवरणासकट काढतात. ती प्रयोगशाळेत तपासून घ्यावीच. पूर्ण काढलेली गाठ सहसा परत येत नाही. मात्र फार दिवस दबलेला मज्जातंतू पूर्ववत होईलच असे नाही. दिरंगाईची किंमत ती हीच.

गाठ चोळणे, डागणे हे प्रकार थांबवा. दुआ अवश्य करा, पण दवाही करा. इसवी सन 1000 च्या सुमारास कॉर्डोबाच्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या 30 भागांच्या 'अत्-तसरीफ' ग्रंथाचा अखेरचा भाग शस्त्रक्रियेला वाहिला, त्यात हत्यारांच्या आकृत्या दिल्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी शस्त्रक्रियेला भ्यावे काय?

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आईवडिलांचे हात पाहा. गाठ दिसली तर बोटे बधिर होतात का, एवढे विचारा. उत्तर 'होय' आले, तर त्यांना स्वतः दवाखान्यात घेऊन जा. खुदा हाफिज.