शिखराआधीची साधना
(यवतमाळ येथे तरुणांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मे २०१८ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेत दहा जण होते. शिखर साऱ्यांना दिसले. शिखराआधीची वाट मात्र क्वचितच कोणी पाहतो.

एव्हरेस्टचे तळ दोन. नेपाळच्या बाजूचा तळ ५,३६४ मीटर उंचीवर आहे. लुक्लापासून तेथे पोहोचण्यास पायी आठ-नऊ दिवस लागतात. तिबेटच्या बाजूचा तळ सुमारे ५,२०० मीटरवर. तेथपर्यंत मोटार जाते. ही वाट सुलभ भासते, परंतु खरा धोका याच सुलभतेत आहे. यवतमाळची उंची जेमतेम साडेचारशे मीटर. तळावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. चाके उंची झपाट्याने गाठतात. शरीराला मात्र तिच्याशी जुळवून घेण्यास दिवस लागतात. म्हणूनच तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा दंडक आहे. डोकेदुखी, मळमळ, झोक जाणे ही लक्षणे लपविणे हे शौर्य नव्हे, तो अहंकार होय. प्रकृती ढासळू लागताच खाली उतरणे हाच मुख्य उपचार.

शिखर न गाठता सुखरूप परतलेले पाच जणही म्हणूनच अभिनंदनास पात्र आहेत. तरुणांनी हिमालयात अवश्य जावे. मात्र जाताना उत्साहाबरोबर संयमही न्यावा.