पूर्ण एक मिनिट
(मंडळाच्या गणेशोत्सवात पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान देणारी मी नव्हे. आयुष्यभर बालविभागात नर्स म्हणून नोकरी केली. आपल्या टाउनशिपमध्ये आजही मला सगळे ‘सिस्टरताई’ म्हणूनच ओळखतात. मंडळाने ‘मुलांचा अतिदक्षता विभाग’ हा विषय दिला तेव्हा वाटले, एवढ्या मंगल दिवसांत हा विषय कशाला? पण समोर इतक्या तरुण आया आणि नव्याने आजी झालेल्या मैत्रिणी बसलेल्या पाहिल्या, आणि आता वाटते की हीच योग्य जागा आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. साल १९८४. मी नुकतीच नोकरीला लागले होते. कुठल्या रुग्णालयात ते सांगत नाही, कारण चूक माझी होती. गणेश चतुर्थीच्या रात्री सात महिन्यांची एक मुलगी सर्दी-तापाने दाखल झाली. वॉर्ड भरलेला होता. दर दोन तासांनी श्वास मोजून तक्त्यावर लिहायचा, असा डॉक्टरांचा आदेश होता. बाळ शांत झोपले आहे असे मला वाटले. मी पाळण्याजवळून गेले, नजर टाकली आणि ‘श्वास ३६’ असे लिहून पुढे गेले. मोजला मात्र नाही. पहाटे तिच्या आईने हाक मारली तेव्हा ओठ निळे पडले होते. आम्ही खूप धावपळ केली, पण ती गेली. ते बाळ शांत झोपलेले नव्हते, थकले होते. वेळेवर मोजले असते तर ती वाचली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. पण तक्त्यावरचा तो छत्तीसचा आकडा खोटा होता, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी घड्याळ हातात धरल्याशिवाय एकाही बाळाचा श्वास लिहिला नाही.

आता अतिदक्षता विभाग म्हणजे काय ते पाहू. आपल्या डोळ्यांसमोर येतात नळ्या, पडदे आणि टिक्‌टिक्‌ करणारी यंत्रे. पण त्याची सुरुवात यंत्राने झाली नाही, माणसांच्या हातांनी झाली. १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि तिला रबरी पिशवी जोडून ती हाताने दाबायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग वैद्यकीय महाविद्यालयातील सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यातूनच अतिदक्षता विभागाची कल्पना पुढे आली, आणि १९५५ साली स्वीडनमधल्या गोटेबर्ग येथे खास मुलांसाठी असा विभाग निघाला. म्हणजे मुळात ही यंत्रांची नव्हे, न झोपता जवळ बसणाऱ्या माणसांची खोली आहे.

अशी माणसे तयार करावी लागतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कोणी ना कोणी प्लांटमध्ये आहे किंवा होते. भट्टीवर शिफ्ट बदलताना नीट चार्ज दिल्याशिवाय कोणी घरी जातो का? अपघाताची वाट न पाहता मॉक ड्रिल होते की नाही? अगदी तसेच इथे. लहान मुलाच्या आकाराच्या बाहुलीवर आम्ही पुन्हा पुन्हा सराव करायचो. एकाने श्वास द्यायचा, एकाने छाती दाबायची, एकाने औषध भरायचे आणि एकाने वेळ लिहायची. डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण सांगितले की आम्ही ते मोठ्याने परत म्हणायचे, मगच द्यायचे. मुलांमध्ये प्रत्येक औषध वजनावर ठरते. तीन किलोच्या बाळाला आणि तीस किलोच्या मुलाला एकच मात्रा चालत नाही. दशांश चिन्ह एक घर सरकले की दहापट औषध जाते.

मुलांचे वेगळे रुग्णालय का हवे, याचे उत्तरही यातच आहे. मुंबईला परळमध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली सुरू झाले. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे नवा रायपूरचे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय. तिथे मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात, पैसे भरायची खिडकीच नाही, आणि त्याबरोबर या कामाचे प्रशिक्षणही दिले जाते.

तिसरी गोष्ट संशोधन. हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, ते मोठ्या लोकांचे काम. पण संशोधन म्हणजे प्रामाणिकपणे मोजणे, एवढेच. एक उदाहरण देते. तापाने गार पडलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलाला झपाट्याने भरपूर सलाइन द्यावे, असे जगभर शिकवले जात होते. युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३१४१ मुलांवर याची नीट चाचणी झाली. २०११ साली निष्कर्ष आले तेव्हा सगळे चकित झाले. झपाट्याने सलाइन दिलेल्या शंभर मुलांमागे दहाहून अधिक मुले ४८ तासांत दगावली होती, आणि न दिलेल्यांत सुमारे सात. (याचा जुलाबाशी संबंध नाही. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी द्यायचेच.) सगळ्यांचा हेतू चांगला होता. पण चांगला हेतू पुरत नाही, मोजावे लागते.

आणि याहून मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. इथून राजनांदगाव, मानपूर, मुरुमगाव, धानोरा असे गेले की गडचिरोली येते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था तिथे १९८६ पासून काम करते आहे. त्या गावांत ना यंत्रे होती, ना बालरोगतज्ज्ञ. न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजायला हवा, पण पन्नास-साठपर्यंत आकडे न येणाऱ्या सुईणींनी तो मोजायचा कसा? म्हणून त्यांनी एक साधे उपकरण बनवले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. पुढे ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन करणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, आणि जन्मतः न रडलेल्या बाळाला पिशवीने श्वास देणेसुद्धा. तीच ती कोपनहेगनची युक्ती! त्या गावांत १००० जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत. १९९७-९८ मध्ये ते प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते जवळजवळ ६० च राहिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाने हे छापले, आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या. आपल्या छत्तीसगडमधल्या मितानिन दीदी २००२ पासून घरोघर जात आहेत. दारात आल्या तर ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ म्हणून त्यांना परत पाठवू नका.

आता माझे मागणे. आज घरी जाताना प्रत्येकीने एवढे शिकून जावे. बाळ शांत असताना किंवा झोपेत असताना अंगावरचे कपडे वर करा. पोट एकदा वर आले की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वासाबरोबर छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला इथे ‘पसली चल रही है’ म्हणतात, बाळ दूध ओढत नसेल, निपचित पडले असेल, झटके आले किंवा ओठ निळे दिसले, तर घडीभरही थांबायचे नाही. १०८ ला फोन करा.

आजीबाईंनी रागावू नये, पण नाकात तेल सोडणे आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणे बंद करा. तेल फुप्फुसात उतरते आणि धूर बाळाला सोसत नाही. मालिश मात्र खुशाल करा. त्या निमित्ताने बाळाचे अंग रोज कोणीतरी डोळे भरून पाहते, हे मला फार आवडते.

चाळीस वर्षे झाली, त्या मुलीचे नाव मी विसरलेले नाही. दर चतुर्थीला आठवते. तिच्यासाठी मला आता काही करता येत नाही. पण या मंडपात आज दोनशे माणसे आहेत. त्यातल्या वीस जणांनी जरी एक मिनिट मोजायला शिकून घेतले, तरी आपल्या सेक्टरमध्ये वीस पहारेकरी उभे राहतील. अतिदक्षता विभाग शेवटचा दरवाजा आहे. पहिला दरवाजा आपल्या घरातल्या पाळण्यापाशी आहे.

आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा थांबते. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आरतीनंतर माझ्याजवळ यावे. माझे सेकंदकाट्याचे जुने घड्याळ मी सोबत आणले आहे.

गणपती बाप्पा मोरया!