खाऱ्या हवेतली व्यायामशाळा

घरात व्यायामाची सोय करायची म्हटलं, की आधी यंत्र आठवतं. ट्रेडमिल घेऊ, सायकल घेऊ, गेलाबाजार डंबेल्सची एक जोडी तरी आणू. आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राला लागून असलेल्या घरांना माझं सांगणं उलटं आहे. आधी जमीन मोकळी करा, मग वजनाची पिशवी आणि दोर बघा. लोखंड सगळ्यात शेवटी, आणि नाही आणलंत तरी काही अडत नाही. पहिलं कारण आपली हवा. लोखंड गंजायला अंगावर पाऊस पडावा लागत नाही. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण धातूवर बसतात, हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि त्या न दिसणाऱ्या ओल्या थराखाली गंज धरत राहतो. क्रोमचा मुलामा असला म्हणून सुटका नाही, कारण मुलाम्यातल्या बारीक छिद्रांतून गंज आत शिरतो, पापुद्रे सुटतात आणि मुठीत गुळगुळीत लागणारा दांडा तळव्याला कापायला लागतो. ट्रेडमिलच्या पोटात तर मोटर आणि सर्किट. पावसाळ्याचे चार महिने पडवीत काढल्यावर असं यंत्र बहुधा कपडे वाळत घालायच्या कामी येतं. त्यात गैर काही नाही, पण त्यासाठी दोरी स्वस्त पडली असती.

दुसरं कारण जागेचं. आपली घरं बाहेरच्यांना ऐसपैस वाटतात. पण एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवरच्या देवबागेत जागेला किती किंमत आहे, हे तिथल्या माणसाला विचारावं. पर्यटकांना खोल्या दिल्या, की हंगामभर घरची माणसं माजघरात आणि मागच्या पडवीत आटोपतात. तिथे कायमची मांडलेली वस्तू वाटेतच येणार. व्यायामाला खरी किती जागा लागते? साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, आणि वर केलेले हात पंख्याला लागणार नाहीत एवढी उंची. जोर, बैठका, सूर्यनमस्कार एवढ्यात बसतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांतून रुजवले आणि 1938 साली त्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. या व्यायामाला साहित्य लागत नाही, हे तेव्हाही त्याचं मोठं बळ होतं.

यावर कोणी म्हणेल, रापण ओढणाऱ्याला आणि डोक्यावर माशांची टोपली वाहणाऱ्या बाईला कसला व्यायाम शिकवता? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. कष्टाच्या कामात शरीर त्याच त्याच हालचाली करतं. रापणीत पाठ आणि दंड राबतात, हात मात्र डोक्यावर क्वचितच जातात. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी विणत, दुरुस्त करत तासन् तास बैठं काम चालतं. आणि आज किनाऱ्यावर दुकान, रिक्षा, कार्यालय, हॉटेलचा गल्ला सांभाळणारेही थोडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस म्हणते, की प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण द्यावा. चालण्याला पुळण आहेच. प्रश्न उरतो तो दुसऱ्या भागाचा.

लोखंडाशिवाय ताकद येते का? स्नायू भरायला हलकं वजनही पुरतं, अट एवढीच, की दमेपर्यंत करायला हवं. ज्याला जास्तीत जास्त जड वजन उचलायचं आहे, त्याला जड लोखंडच लागेल. त्याने खुशाल कुडाळ-मालवणच्या जिमची वाट धरावी. बाकीच्यांना जुनी सॅक चालते. सुकी वाळू लिटरमागे दीड किलोहून थोडी अधिक भरते, म्हणजे दहा लिटरात पंधरा-सोळा किलो. किनाऱ्यावरची वाळू मात्र नको, ती खारट असल्याने कायम दमट राहते. बांधकामातून उरलेली, धुऊन वाळवलेली, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलेली बरी. उकड्या तांदळाची दहा किलोची पिशवीही चालेल, संपेपर्यंत. पाठीवर ती घेऊन बैठका घालाव्यात, कमरेतून वाकून ती पोटाकडे ओढावी. या ओढण्याच्या व्यायामाचीच जमिनीवर खरी उणीव असते. ती दोराच्या मल्लखांबासारख्या टांगत्या दोराने उत्तम भरून निघते, पण दोर तुळईलाच बांधावा, तोही वाळवी नसल्याची खात्री करून. वाशाला किंवा पंख्याच्या हुकाला कधीही नाही. होडीवरचा जुना नायलॉनचा दोरही नको, उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ झालेले असतात. स्लॅबच्या घरात जांभ्याच्या चिऱ्यात बोल्ट ठोकून दांडा बसवायचा मोह होतो. चिरा सच्छिद्र, माणसाच्या वजनाने बोल्ट सैल होतो. तिथे आपली पिशवीच बरी.

राहिला शेवटचा आक्षेप: घरात शिस्त राहत नाही, जिममध्ये चारचौघांमुळे राहते. हे खरं आहे, पण ते ज्याला संध्याकाळी सात वाजता घराबाहेर पडता येतं त्याच्यापुरतं. त्या वेळी चुलीपाशी असलेल्या बाईला, नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला जिमची वेळ कधीच सोयीची नसते. पासष्टीनंतर तर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस हवा, आणि त्याला भिंतीला टेकवलेली एक खुर्ची पुरते. पावसात लादी ओलसर होते, तेवढी आधी पुसून घ्यावी आणि पायमोजे काढावेत.