पाय नसताना रेस कोण देतो?



आज आपण गाडीबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि आता मिस्त्री झाले की काय? नाही. आमच्या हाताला जन्मभर खडू लागला, ग्रीस कधी लागले नाही. पण आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याच्या बाबतीत एक गोष्ट घडली. ती आम्ही जवळून पाहिली. तुमच्यापैकी कोणाची गाडी असेल, कोणाचा मुलगा दुसऱ्याची गाडी चालवत असेल. त्यांच्या उपयोगाची आहे, म्हणून सांगतो.

हा गाडीवाला काटोलकडचा. आमच्या रात्रीच्या वर्गात येऊन लिहायला शिकला. त्याच्याकडे एक जुनी डिझेलची पिकअप आहे. संत्र्याच्या हंगामात तो माल भरून नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेतो. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून निघतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. मधल्या दिवसांत खत, सिमेंट, लग्नघरचे सामान, मिळेल ते भाडे. त्या गाडीवर पाच माणसांचे पोट चालते.

त्या गाडीला एक खोड लागली. पाय काढला तरी इंजिन शांत होईना. गाडी जागेवर उभी असते, आपण एक्सिलेटर दाबत नाही, तेव्हा इंजिन हळू चालते ना? त्याला आपले लोक 'स्लो' म्हणतात. अशा गाडीचे इंजिन स्लोवर मिनिटाला साधारण 700 ते 900 वेळा फिरते. ते मोजायचा काटा जुन्या गाडीत बहुधा नसतो. पण गाडीवाल्याचा कान तो आवाज ओळखतो. याच्या गाडीचा आवाज चढलेलाच राही. जणू कोणी पाय दाबून बसले आहे.

तुम्ही म्हणाल, चढला तर चढला, गाडी चालते ना? चालते. पण डिझेल फुकट जळते. गिअर टाकताना खरखर होते. ब्रेक दाबला तरी इंजिन गाडीला पुढे ढकलत राहते, म्हणून ब्रेकही लवकर झिजतात. आणि सगळ्यात वाईट ते गर्दीत. एका पहाटे बाजारात हा गाडी थोडी पुढे घेत होता. समोर एक हमाल वाकून क्रेट उचलत होता. याने क्लच थोडासाच सोडला आणि गाडीने हातभर उडी घेतली. हमाल थोडक्यात वाचला. त्या दिवशी हा घरी येऊन जेवला नाही.

एका गॅरेजमध्ये त्याने गाडी दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, दोन मिनिटे ऐकले आणि सांगितले, "पंप गेला. उतरवून खोलावा लागेल. अठरा हजार धर." अठरा हजार! घरात तेवढे पैसे होते, पण ते मुलीच्या नर्सिंगच्या फीचे होते. बायको म्हणाली, "आधी गुरुजीले विचारा." आणि तो आमच्याकडे आला.

"गुरुजी, काय करू जी?"

आम्हाला पंपातले काय कळणार? आम्ही शाळेतलाच प्रश्न विचारला. "हे केव्हा होतं?"

"नेहमीच होते जी."

"नेहमी म्हणजे? सकाळी गाडी चालू केल्याबरोबर?"

तो थांबला. त्याला सांगता येईना. आम्ही त्याला एक चाळीस पानी वही दिली. म्हटले, चार दिवस लिहून आण. कुठे, केव्हा, आवाज कसा. बस.

चार दिवसांनी वही आली. अक्षर वाकडे, पण मजकूर सरळ. 'सकाळ काटोल. स्लो ठीक. फेटरी. रेस वर. काटोल नाका. रेस वर. कळमना तीन तास उभी. चालू केली. स्लो ठीक.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. म्हणजे नेहमी होत नव्हते! गाडी थंड असताना ठीक, तापली की रेस वर. ही गोष्ट तो महिनाभर रोज पाहत होता. पण लिहीपर्यंत त्याला ती दिसली नव्हती.

ती वही घेऊन आम्ही दोघे नागपूरला वाडीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "गुरुजी, पंप आतून बिघडूही शकतो. पण आधी बाहेरचं पाहू. बाहेरचं पाहायला पैसे पडत नाहीत."

आता इथे थोडे समजून घ्या. पेट्रोलच्या जुन्या गाडीत आपण एक्सिलेटर दाबतो तेव्हा हवेची वाट उघडतो. हवेबरोबर पेट्रोल जाते. डिझेलच्या जुन्या गाडीत तसे नाही. तिथे हवा मोकळी जाते. किती डिझेल जायचे ते पंप ठरवतो. पायाखालच्या एक्सिलेटरपासून एक तार निघते. ती पंपावरच्या एका दांडीला बांधलेली असते. पाय दाबला की दांडी पुढे जाते, जास्त डिझेल जाते. पाय काढला की स्प्रिंग त्या दांडीला मागे ओढते. मागे एक स्क्रू असतो. दांडी त्या स्क्रूला टेकली की स्लो.

पंपाच्या आत वेग सांभाळणारा एक रखवालदारही असतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. जत्रेतला गोल फिरणारा पाळणा पाहिला आहे ना? वेग वाढला की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात. गव्हर्नरमध्येही वजने अशीच फिरतात. वेग वाढला की ती बाहेर जातात आणि डिझेल कमी करतात. जेम्स वॅट या इंग्लंडात काम करणाऱ्या कारागिराने 1788 साली वाफेच्या इंजिनाला अशीच युक्ती लावली. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचे इंजिन चालले 1897 साली. त्याच्याच नावावरून आपण त्या तेलाला डिझेल म्हणतो.

तर प्रश्न एवढाच. पाय नसताना ती दांडी पुढे कोण धरून ठेवतो?

मिस्त्रींनी गाडी सपाट जागी लावली. हँडब्रेक ओढला. गिअर काढला. चाकांना दगड लावले. आम्हाला म्हणाले, "गुरुजी, खांद्यावरचा दुपट्टा काढा. पंख्यात गेला तर मान ओढेल." आम्ही निमूट काढला. मग त्यांनी गाडी चालू करून तापू दिली. अर्ध्या तासाने रेस चढली. मिस्त्रींनी गाडीवाल्याला सांगितले, "एक्सिलेटरखाली बोट घाल आणि पायाने वर उचल." त्याने उचलले. आवाज लगेच खाली आला. मग इंजिन बंद करून त्यांनी तार पंपावरच्या दांडीपासून सोडवली आणि इंजिन पुन्हा चालू केले. गाडी अगदी शांत. अठरा हजारांच्या पंपाला काहीही झाले नव्हते!

दोष तारेत होता. मागे कधीतरी रेडिएटर काढून बसवला होता. तेव्हा तार आपल्या जागी न बसवता कोणीतरी सायलेन्सरच्या तापणाऱ्या पाइपाजवळून नेली. तिचे प्लास्टिकचे कवच वितळले होते. थंड असताना आतली तार कशीबशी सरके. पाइप तापला की मऊ झालेले प्लास्टिक तारेला चिकटे. त्यात मागे ओढणारी स्प्रिंगही ढिली. नवी तार, नवी स्प्रिंग आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झाले. तार या वेळी पाइपापासून दूर, क्लिपमध्ये बसवली.

तुमच्या गाडीत दोष तारेतच असेल असे नाही. कधी पायाखालची रबराची चटई सरकून एक्सिलेटरवर येते. काही जुन्या गाड्यांत रेस हाताने धरून ठेवायचा खटका असतो, तो ओढलेलाच राहतो. हसू नका, हे होते. आणि तार सोडवल्यावरही रेस खाली आली नाही तर मागचा स्क्रू पाहावा. तो बहुधा कोणीतरी मुद्दाम फिरवलेला असतो. का? तर गाडी स्लोवर बंद पडत होती म्हणून. फिल्टर कचऱ्याने भरलेला असतो, किंवा डिझेलच्या नळीत हवा शिरत असते. ते शोधायचे सोडून स्लो वाढवून देतात. आमच्या मते ही फसवणूकच आहे. नळीत हवा शिरली की रेस सारखी वर-खाली होते. एका जागी चढून राहत नाही. एवढा फरक कानाने ओळखता येतो. पंपावर शिसे लावून सील केलेलाही एक स्क्रू असतो. त्याला मात्र हात लावू नये. तो जाणत्या पंपवाल्याचा.

पेट्रोलची जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर चोक अडकला आहे का ते पाहावे. कार्बोरेटरखालचे पॅकिंग फाटले की चोरवाटेने हवा शिरते आणि रेस चढते. तिथे पाण्याचे दोन थेंब टाकावे. आवाज बदलला तर चोरवाट तिथेच. पेट्रोल शिंपडून पाहणारे महाभाग आहेत. तसे करू नका, आग लागते.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. डिझेल गाडी कधी कधी आपणहून पळत सुटते. आवाज वाढत जातो, काळा-निळा धूर येतो, आणि चावी फिरवली तरी बंद होत नाही. कारण ती तेव्हा डिझेलवर चालतच नसते. ती स्वतःचे इंजिन ऑईल पीत असते. जुन्या गाड्यांच्या हवेच्या फिल्टरमध्ये तळाला ऑईल असते. ते खुणेच्या वर भरले तरी हे होऊ शकते. टर्बो फुटला तरी होते. अशा वेळी समोरची माणसे हटवावी. ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, सगळ्यात वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा. इंजिन दम तोडते. नाही तोडला तर गाडीपासून लांब पळावे. हवेच्या तोंडाला हात किंवा कापड कधीच लावू नये.

2020 च्या एप्रिलपासून आपल्याकडे बीएस-6 च्या गाड्या आल्या. त्यांत पायापासून पंपापर्यंत तार नसते, विजेच्या खुणेने काम चालते. तिथे आमची ही तार सोडवण्याची युक्ती चालत नाही. मिस्त्री यंत्र लावूनच पाहतात. पण केव्हा होते, कुठे होते, थंड की गरम, हे तो मिस्त्रीसुद्धा विचारतोच.

मुलीची फी वेळेवर भरली गेली. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. वही अजून गाडीतच असते. परवा आम्ही त्याच गाडीतून नागपूरला गेलो तेव्हा उघडून पाहिली. शेवटी नवी ओळ होती. 'फिल्टरखाली डिझेल ओले.'

"मिस्त्रीला दाखवलंस का रे?" आम्ही विचारले.

"तिकडंच तर चाललो जी," तो म्हणाला.