पाणी प्यायला भीती वाटते तेव्हा

आज मुतखड्याबद्दल बोलायचं आहे.

उन्हाळ्यात कांदा काढणीला गेलेल्या आमच्या गटातल्या एका ताईंच्या पाठीत कळ आली. कळ कुशीतून खाली जांघेपर्यंत उतरायची. आम्ही म्हणालो, वाकून काम केलंय, उसण भरली असेल. कुणी पानफुटीचा रस दिला, कुणी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा दवाखाना आठवला. खडा नळीत अडकला होता आणि मागे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले होते. डॉक्टरांनी आत नळी घालून लघवी मोकळी केली. आणखी उशीर जिवावर बेतला असता. तीन दिवस आम्ही सगळ्याजणी वाया घालवले, हे आम्हाला कबूल करायलाच हवं.

खडा होतो कसा? लघवीत क्षार विरघळलेले असतात. पाकात पाणी कमी पडलं की साखर धरते ना, तसंच. पाणी कमी, घाम जास्त, मग लघवी दाट होते आणि क्षारांचे कण एकमेकांना चिकटतात. बहुतेक खडे कॅल्शियम आणि ऑक्झलेट मिळून होतात.

‘कॅल्शियम’ ऐकून पुष्कळ बायका दूध-ताक बंद करतात. हे उलटं आहे. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, ते शौचावाटे जातं. कमी करायचं ते मीठ. मीठ जास्त खाल्लं की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं. दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅम मीठ पुरे, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. (आमच्याकडे ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे!) पाण्यात लिंबू पिळलेलं चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. पालक रोज नको, अधूनमधून चालतो.

खडा एकटा येत नाही. वजन, साखर, रक्तदाब वाढलेल्यांना तो जास्त होतो. एकदा झाला की पुन्हा होण्याचा संभव असतो. म्हणून खडा पडला तरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेत राहू नका, अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडालाच बाधतात.

दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी हवं. लघवी फिकट दिसली की समजायचं, पुरतंय. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्यावं.

पण बायका पाणी पीत नाहीत ते तहान नसते म्हणून नव्हे. त्या ताई म्हणाल्या, “रानात आडोसा कुठंय? पाणी प्यायलं की जायला लागतं.” सकाळी सात ते दुपारी दोन त्या एक तांब्याही पीत नव्हत्या. यावर कुठली गोळी?

म्हणून गेल्या बैठकीत ठरलं. कामाची बोली करतानाच मालकाला सांगायचं, बांधावर पाण्याचा माठ आणि गोणपाटाचा आडोसा हवा. दोघांनी लगेच हो म्हटलं. तिसऱ्याने हसण्यावारी नेलं, त्याच्याकडे मंगळवारी आम्ही अकराजणी मिळून जाणार आहोत.