शाळेची दवंडी आणि गावाची चावडी
(संघाच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संघाच्या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी बोलण्याचा प्रघात जुना आहे. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, गुणवंतांचा सत्कार हे विषय आपणांस परिचयाचे आहेत. आज मी थोडा निराळा विषय निवडला आहे. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आणि तिच्या भोवतीचा गाव यांचे बोलणे आज कोणत्या मार्गाने चालते व ते कसे चालावे, हा तो विषय होय. विषय दिसावयास किरकोळ आहे. परंतु आपल्या कित्येक वाड्यांतील शाळा राहणार की जाणार, या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. त्या काळी शाळेचा निरोप मुलाच्या हाती दिलेल्या चिठ्ठीने घरी जात असे. गुरुजी देवळाच्या पारावर भेटत, आणि मुंबईच्या चाकरमान्याला मुलाची प्रगती पोस्टाच्या पत्राने कळे. आज ते काम व्हॉट्सॲपचा समूह करतो. सूचना, गृहपाठ, सहलीची वर्गणी, पावसाची सुट्टी, सारे त्यावरच येते. कित्येक शाळांनी फेसबुकावर पान उघडले आहे, आणि स्नेहसंमेलनातील नातीचा नाच डोंबिवलीत बसलेली आजी यूट्यूबवर पाहते. ही सोय लहान नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

शाळेने आपले वृत्त स्वतः लोकांपुढे ठेवावे ही कल्पना आपल्या जिल्ह्याला परकी नाही. दापोली तालुक्यातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. तेथे छापखाना नव्हता, यंत्र नव्हते. होती ती मुलांशी रोज बोलण्याची तळमळ. साधन आज पालटले आहे. तळमळ त्याबरोबर आपोआप येत नाही, एवढेच ध्यानात ठेवावयाचे.

आपल्या गावगाड्यात दवंडी होती आणि चावडीही होती. दवंडी पिटणारा सांगून पुढे जाई. त्याला कोणी उलट विचारीत नसे. चावडीवर मात्र प्रश्न विचारला जाई व त्याचे उत्तर द्यावे लागे. शाळेचा समूह या दोहोंपैकी काय आहे, हा खरा प्रश्न होय. केवळ चालकांनीच लिहावे, इतरांनी वाचावे, अशी योजना व्हॉट्सॲपने २०१८ साली उपलब्ध करून दिली. सुप्रभातांच्या चित्रांनी व भलत्या वादांनी कंटाळलेल्या शिक्षकांनी तिचा आश्रय केला, तर त्यांना दोष देता येणार नाही. तथापि त्यामुळे चावडीची पुन्हा दवंडी झाली, हेही खरे. आईला विचारावयाचे असते की मुलगा वाचनात मागे का पडतो. ते विचारण्यास जागाच उरत नाही.

दुसरा धोका असा की, फोनचे तोंड गावाकडे न राहता कचेरीकडे वळते. २०१६ च्या नोव्हेंबरात राज्याच्या शिक्षण खात्याने शिक्षकांनी दर आठवड्यास विद्यार्थ्यांसह स्वतःचे छायाचित्र काढून सरकारी प्रणालीवर चढवावे, असा आदेश काढला होता. शाळाबाह्य मुले शोधणे हा त्यामागील हेतू चांगलाच होता. पण शिक्षकांच्या विरोधापुढे तो आदेश स्थगित करावा लागला. गैरहजर मुलाचा शोध छायाचित्राने लागत नाही, त्याच्या घरी गेल्याने लागतो, हे वाडीतील कोणीही सांगेल.

तिसरी गोष्ट २०२० सालाने शिकविली. टाळेबंदीने शाळा बंद झाल्या व शिक्षण फोनवरून चालू ठेवण्याचा यत्न झाला. अशातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. मंडणगड व दापोलीत घरांची व शाळांची छपरे उडाली, आणि वीज व फोन कित्येक दिवस बंद राहिले. ज्या एका तारेवर सारा व्यवहार बांधला होता ती तुटल्यावर उपयोगी पडले ते पायी हिंडणारे शिक्षक आणि शेजारधर्म. साकव वाहून गेला तरी पलीकडे जाण्याची दुसरी वाट ठाऊक असावी लागते, ही कोकणी शहाणीव शाळेलाही लागू आहे.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत शाळांचा कारभार ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक घटकांकडे असतो व त्यांचे विश्वस्त लोक निवडून देतात. कॅलिफोर्नियातील पोवे येथील दोन विश्वस्तांनी फेसबुक व ट्विटरवर वारंवार टीका करणाऱ्या एका पालक दांपत्यास आपल्या पानांवरून बंद केले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कसोटी घालून दिली: अधिकाऱ्यास शासनाच्या वतीने बोलण्याचा खरोखर अधिकार असेल व त्या लेखनात तो अधिकार तो वापरीत असेल, तर ते शासनाचे कृत्य ठरते, एरव्ही ती त्याची खाजगी बाब होय. खटला या कसोटीवर फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे गेला. आपण यातून एवढेच घ्यावे की शाळेच्या नावाने उघडलेली जागा कोणा एकाच्या मालकीची नसते.

आपल्याकडे त्यासाठी कायद्याने दिलेली जागा आहेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये प्रत्येक शासकीय शाळेस शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. ही समिती म्हणजे आजची चावडी होय. फोनवरील समूहाने तिचे काम सोपे करावे, तिची जागा घेऊ नये.

आता मुळाशी येतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. घरे कुलूपबंद झाली, तसा शाळांचा पटही घटला. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागविले. अशा वेळी मुंबईत बसून गावच्या शाळेच्या छायाचित्रावर अंगठा उमटविणे म्हणजे शाळा राखणे नव्हे. शाळा राहते ती पटावरील मुलांनी, आणि मुलांना तेथे ठेवणाऱ्या पालकांच्या विश्वासाने. तो विश्वास बोलण्यानेच येतो.

म्हणून संघाच्या सभासद कुटुंबांस माझ्या पाच विनंत्या आहेत. एक, समितीच्या प्रत्येक सभेआधी समूह सर्वांना लिहिण्यास खुला ठेवावा असे शाळेस सुचवा, आणि आलेल्या प्रश्नांची उत्तरे सभेत मागा. दोन, महत्त्वाची प्रत्येक सूचना शाळेच्या फळ्यावरही लावली जावी. ज्या घरी फोन नाही, किंवा एकच फोन कामावर गेलेल्या बापाच्या खिशात आहे, त्या घरची आई वंचित राहता कामा नये. तीन, पावसाच्या सुट्टीचा आदेश पुढे धाडण्यापूर्वी त्याची तारीख, जिल्हा व सही पाहा. चार, मुलांची छायाचित्रे पालकांस विचारल्यावाचून जगापुढे मांडू नका. बालकांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक असल्याचे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही सांगितले आहे. गरीब मुलास वह्या देतानाचे छायाचित्र तर कधीच नको. देणाऱ्याच्या कौतुकापायी घेणाऱ्याची मान खाली जाते. पाच, मुंबईकरांनी देणगीपूर्वी समितीस विचारावे, ‘शाळेस काय हवे?’ रंगाऐवजी कदाचित गळक्या छपराची कौले हवी असतील; कदाचित पैसाही नको, गणपतीला आल्यावर मुलांना दोन तास शिकविणारा माणूस हवा असेल.

गुरुजनांविषयीही एक शब्द. दोन शिक्षकी शाळेत शिकवणे, पोषण आहार, नोंदी आणि हा समूह, सर्व त्यांनाच पाहावे लागते. रात्री दहाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तत्क्षणी मिळाले नाही म्हणून चारचौघांत शब्द लावू नये. तक्रार असेल तर ती समक्ष व सभ्यपणे करावी. प्रशंसा मात्र सर्वांदेखत करावी.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी शाळेसाठी जागा दिल्या, श्रमदान केले, वर्गण्या काढल्या. तुमच्या-आमच्या हातातील फोनने त्या शाळेची नुसती दवंडी पिटावी की तिची चावडी पुन्हा भरवावी, हे ठरविणे आपल्याच हाती आहे.