आधी दोर, मग मशीन



मिळालेला वेळ मी अवजारांवरच बोलणार आहे. झाडछाटणीच्या धंद्यात नव्यानं आलेला मुलगा भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चेनसॉ मशीन कुठलं घेऊ? हा प्रश्न त्यानं सगळ्यांत शेवटी विचारावा, असं माझं ठाम मत आहे. आधी अंगावरचं साहित्य, मग हातकरवत, मग झाडावर वापरायचं छोटं मशीन आणि पैसे उरले तर मोठं. आपल्याकडे खरेदी नेमकी उलटी होते, आणि त्याची किंमत माणसं मोजतात.

पावसाळ्याआधीच्या छाटणीत मुंबई, ठाणे, पुणे कुठंही जा. पर्जन्यवृक्षावर चार मजले उंच माणूस चढलेला, पायात चप्पल, कमरेला नायलॉनचा दोर आणि हातात पन्नास हजारांचं मशीन. ज्या दोरानं सकाळी ओंडके उतरवले, तोच दुपारी कमरेला. हे थांबलंच पाहिजे. ओंडक्याचे झटके खाल्लेल्या दोराची ताकद किती उरली, हे वरून पाहून कुणालाही सांगता येत नाही. चढायचा दोर वेगळा असतो : ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा, पॉलिस्टरचा. तो कधीही भार उतरवायला वापरायचा नाही. नुसत्या कमरेला दोर बांधून लटकलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. म्हणून मांड्यांना पट्टे असलेला, बसता येईल असा हार्नेस हवा. मशीन चालू करण्याआधी दुसरी बांधणी झालीच पाहिजे. त्यासाठी तारेचा गाभा असलेला आखूड दोर मला पसंत आहे, पाती चुकून लागली तरी तो एका झटक्यात तुटत नाही. मात्र जवळून विजेच्या तारा जात असतील, तर तो खालीच ठेवा.

संरक्षक पँटबद्दल मी नेहमी आग्रह धरतो. तिच्या आत लांब, सैल धाग्यांचे थरावर थर असतात. चेन कापडाला लागताच ते धागे उपसले जातात, चेनला गुंडाळून थेट स्प्रॉकेटमध्ये शिरतात आणि मशीन जागच्या जागी अडकतं. क्लास एकची पँट सेकंदाला २० मीटर वेगानं फिरणाऱ्या चेनवर तपासलेली असते. जमिनीवर उभं राहून कापणाऱ्याला पुढच्या बाजूनं संरक्षण देणारी ए प्रकारची चालते. झाडावर पाय कुठल्याही दिशेला असू शकतो, तिथं सगळ्या बाजूंनी धागे असलेली सी प्रकारचीच हवी. मे महिन्यात ती घालून उकडतं, हे मला मान्य आहे. त्यावर उपाय एकच : काम पहाटे सुरू करा आणि दर तासाला माणूस खाली उतरवा.

हातकरवतीला आपल्याकडे फार कमी लेखतात. सिल्कीची झुबात ही ३३० मिलिमीटर पात्याची जपानी करवत माझी सर्वांत आवडती. ती ओढताना कापते, त्यामुळे पातं लवत नाही. मनगटाएवढी फांदी तिच्यानं काही क्षणांत येते, इंजिन सुरू करायचीही गरज पडत नाही. गुलमोहराची किंवा सोनमोहराची बरीचशी छाटणी एवढ्यावर होते.

त्यापुढच्या फांद्यांना वरून मूठ असलेलं मशीन. स्टील कंपनीचं एमएस २०१ टी पेट्रोलवर चालतं. ३५ सीसी आणि पातं-चेन सोडून चार किलोंच्या आत वजन. हस्कवार्नाचं टी ५४० एक्सपी त्याच तोडीचं. अलीकडे मी बॅटरीच्या मशीनकडे वळलो आहे. झाडावर दोरी खेचत बसावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे खालच्या माणसाची हाक ऐकू येते. पण ही मशीनं एका हातात मावतात म्हणून एका हातानं चालवू नका. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं. दुसरा हात पुढच्या दांड्यावर असेल तरच ते आवरतं आणि ब्रेकही वेळेवर लागतो.

मोठ्या मशीनवर थोडक्यात बोलतो. २०१९ मध्ये आलेलं एमएस ५०० आय हे फ्युएल इंजेक्शनचं पहिलं चेनसॉ, ७९ सीसी, आणि ताकदीच्या मानानं फारच हलकं. चिंचेचा जुना बुंधा कापायचा असेल तर त्याला तोड नाही. पण असं काम वर्षातून किती येतं? भाड्यानं आणा.

१९२९ मध्ये आंद्रेआस स्टील यांनी आपलं पेट्रोलवरचं पहिलं मशीन बाजारात आणलं तेव्हा त्याचं वजन ४६ किलो होतं, चालवायला दोन माणसं लागत. इंजिन पुढे हलकं होत गेलं, पण कापण्यातली खरी क्रांती चेनमध्ये झाली. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं १९४६ मध्ये ओंडक्यातली एक अळी निरखली. ती जबड्यानं डावीकडे-उजवीकडे लाकूड कुरतडत पुढे सरकत होती. त्यावरून त्यानं डावे-उजवे दात आलटून-पालटून बसवलेली चेन घडवली, आणि आपण आजही तिचेच वंशज वापरतो. म्हणून मशीनचा ब्रँड कुठला, यापेक्षा दाताला धार कशी आहे, हे मी आधी पाहतो. कापताना खाली पडतं ते बघा. चौकोनी, जाडसर किसाचे तुकडे पडत असतील तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला आणि मशीन दाबावं लागलं, की थांबा, कानस काढा. छोट्या मशीनला साधारण ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दाताच्या आतून बाहेर, एकाच कोनात, प्रत्येक दाताला सारखेच हात. टाकी भरताना दोन मिनिटं एवढं केलंत तर दिवसभर खांदे दुखणार नाहीत. आपल्या रस्त्यांवरच्या झाडांत खिळे, तारा, सिमेंट काय वाट्टेल ते निघतं, आणि नारळ तर निर्मळ असला तरी धार खातो. इथं टोकदार दाताची चेन टिकत नाही, गोलसर कोपऱ्याच्या दाताचीच घ्या.

या धारेचा संबंध झाडाच्या आयुष्याशीही आहे. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी चेनसॉनंच हजारो झाडं उभी चिरून आतली कुज पाहिली. झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो कोंडून टाकतं, हे त्यांनी १९७७ मध्ये मांडलं. फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर गळा वाचला, तर ही भिंत नीट उभी राहते. म्हणून आधी खोडापासून फूट-दीड फुटावर खालून खाच, मग तिच्या थोडं पुढे वरून काप, आणि उरलेला खुंट गळ्याच्या बाहेरून अलगद. बोथट चेननं हा शेवटचा काप साधतच नाही, साल फाटते. १९७५ च्या आपल्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज ट्रीचा दर्जा मिळाला. अशा झाडाचा गळा आपल्याच हातून कापला जात असेल, तर परवानगीच्या कागदाला काय अर्थ?

इथं बसलेल्या, पालिकांच्या उद्यान विभागांतल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. निविदेत छाटणीचा दर झाडामागे ठरतो आणि सर्वांत कमी दराला काम जातं. ठेकेदार मग पहिली कात्री हार्नेस आणि पँटवर लावतो. सुरक्षा साहित्याची रक्कम दराबाहेर, वेगळ्या ओळीत लिहा, आणि ते साहित्य अंगावर आहे की नाही हे काम सुरू होण्याआधी पाहून सही करा. यासाठी नवा कायदा लागत नाही, निविदेच्या मसुद्यात एक ओळ वाढवावी लागते. ती ओळ कशी असावी याचा कच्चा मसुदा मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी. त्यानंतर मागच्या अंगणात धार लावण्याचं प्रात्यक्षिक आहे. ज्यांनी आपली चेन आणली असेल त्यांनी जेवणाआधी टेबलावर ठेवावी.